नारळीभाताचा नैवेद्य

शेफ जयदत्त दिघ्यांची टीव्हीवर एक ख्याती होती. एक चमचा चाखायचा, तोंड वाकडं करायचं आणि कॅमेऱ्यासमोर अख्खी थाळी कचऱ्याच्या डब्यात ओतायची. थाळी डब्यात गेली, की स्पर्धक घरी.

त्या दिवशी निवडचाचणीला अलिबागच्या वनमालाताई चौबळ नारळीभात घेऊन उभ्या राहिल्या.

"चाखून पाहिलात?" शेफनी दरडावलं.

"छे! नैवेद्य कुणी उष्टा करतं का?"

"नैवेद्य? कुठल्या देवाला?"

"तुम्हाला. मघाशी तुम्हीच म्हणालात ना, या स्टुडिओतला देव मीच म्हणून?"

शेफ फुलले. त्यांनी मोठ्या ऐटीत चमचाभर भात तोंडात टाकला. चव जिभेवर रेंगाळली, पण ख्याती सोडवेना. थाळी उचलून ते डब्याकडे वळले.

"अहो, थांबा!" ताई ओरडल्या. "देवाने घेतला, म्हणजे आता तो प्रसाद झाला. प्रसाद कचऱ्यात टाकता?"

शेफचा हात हवेतच राहिला. देव नाही म्हणावं, तर कॅमेरा चालू. तेवढ्यात कॅमेरामननेच उजवा हात पुढे केला. मागोमाग लाइटवाले आले, मेकअपवाली आली. बघता बघता थाळी लख्ख झाली.

शेफ पातेल्याकडे सरकले. "पातेल्यात आणखी थोडा असेल ना?"

"आहे की." ताईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "पण तोच नैवेद्य देवाला पुन्हा दाखवत नाहीत. पुढच्या फेरीला बोलवा, ताजा करते."