पहिल्या चांदणीचा वसा

ऐक गं पहिल्या चांदणे, तुझी कहाणी. पोलंड देशी, बर्फाच्या मुलखात, एक आटपाट गाव. तिथं यादविगा नावाची सून नांदत होती. सासूनं तिला वसा दिला. "येशूबाळाच्या जन्माच्या आदल्या दिवशी उपास धरावा. मांस शिजवू नये, मासा चालेल. बारा पदार्थ रांधावे. मेजावर गवत पसरावं, वर पांढरं वस्त्र घालावं. अवचित पाहुण्याचं एक ताट जादा मांडावं. पहिली चांदणी दिसली की पातळ पोळी हाती घ्यावी, एकमेकांना मोडून द्यावी, मनातलं सारं बोलून टाकावं, मग जेवावं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

मग काय झालं? लढाई आली. नवरा लढाईत पडला. परक्या शिपायांनी यादविगेला घराबाहेर काढलं, आगगाडीत घातलं. संगं दोन लेकरं, थोरली हांका, धाकटा यानेक. पहिलं वर्ष बर्फात गेलं. यानेक तापानं गेला, वसा राहून गेला. दुसरं वर्ष वाळूत गेलं. हांका अंथरुणाला खिळली, वसा राहून गेला. मग मायलेकी जहाजात बसल्या, दर्या ओलांडला, आपल्या या मराठी मुलखात आल्या. नदीकाठी, उसाच्या फडांशेजारी, त्यांची छावणी पडली.

छावणीत पोटाला मिळू लागलं. पण हांका दोन घास खाई, ताट सारी. औषध झालं, लाड झाले, दटावणी झाली. पोर वाळून काडी झाली. विचारलं तर बोलेना. यादविगेनं मनाशी धरलं, "वसा टाकला, तो मी टाकला. औंदा करीन तर बारा करीन, अकरा नाही."

शेजारणी म्हणाल्या, "बर्फ नाही, भट्टी नाही, कसला सण करतेस?" त्या हसल्या, ही कामाला लागली.

सणाला पहिलं हवं बिटाचं आंबट सार. तिनं बिटं चिरली, लसूण घातली, मडक्यात पाणी भरून आंबत ठेवली. वर बुरशी आली. ओतून दिली, पुन्हा घातली. पुन्हा बुरशी आली. पुन्हा ओतली, पुन्हा बाजारात गेली.

भाजीवाली बायडाक्का म्हणाली, "आगं, सारखी बिटंच न्हेतीस, करतीस तरी काय?"

यादविगेनं मोडक्यातोडक्या मराठीत वसा सांगितला. बायडाक्का पाटी सोडून ऐकत राहिली. म्हणाली, "म्हंजे उपासच की ह्यो! मग मीठ घाल वाईच. बिटं पाण्यावर तरंगू देऊ नगंस. लोणच्यावानी दगड ठेव वर."

तसं केलं. तिसऱ्या खेपेला पाणी माणकासारखं लाल झालं, जिभेला चरचरीत लागलं.

मग तिनं कोबी आंबवला, त्याचं सारण केलं. आळंबी मिळेना, कांदा लाल परतून घातला. सारण भरून करंज्या वळल्या, पाण्यात उकडल्या. नदीचा मासा तळला. खसखस वाटली, मध घातला, गव्हाची खीर केली. पाठ मोडून आली, तरी ती चुलीपासून उठली नाही. असं करत करत अकरा पदार्थ झाले, बारावा सुचेना. तोच बायडाक्का मेजावर पसरायला म्हशीचं गवत घेऊन आली, ओच्यातून सुकी बोरं काढली. ती गुळात शिजवली. बारा झाले.

दिवस मावळला. फडावर चांदणी उगवली. पाहुण्याच्या ताटावर बायडाक्काला बसवलं. यादविगेनं पोळी हांकापुढं धरली. "मोड बाळ. मनातलं बोल."

हांका म्हणाली, "आई, बर्फात शेवटचा तुकडा मी खाल्ला. यानेक उपाशी गेला. मी त्याचा घास खाल्ला."

यादविगेच्या काळजाचं पाणी झालं. दोन वर्षं पोर हे गिळून बसली होती! पण ती रडली नाही. पोरीची हनुवटी उचलली, डोळ्यांत डोळे घातले.

"ऐक. तो तुकडा मी आधी त्यालाच दिला. एकदा दिला, त्यानं मान फिरवली. भिजवून दिला, मान फिरवली. चावून दिला, तरी गिळवेना. मग तुझ्या तोंडात घातला. तो तुझाच घास होता. मी तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मला क्षमा कर."

हांकानं पोळी मोडली. अर्धी आईला दिली, अर्धी आपण खाल्ली. मग हुंदके देत जेवू लागली. करंज्या खाल्ल्या, खीर खाल्ली, सार दुसऱ्यांदा मागितलं. ओठ लाल झाले, हनुवटीवरून ओघळ आले. बायडाक्का पदरानं डोळे पुसून म्हणाली, "वाढ गं, अजून वाढ."

दुसऱ्या दिवशी आधी हसलेल्या शेजारणी दाराशी आल्या. "बाई, मडक्यात मीठ किती घातलंस?" यादविगा सांगायला उठली, तर आधी हांकाच बोलली, "बसा, मी दाखवते."

जशी पहिली चांदणी यादविगेला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. कुणाचं लेकरू सल गिळून पानावरून न उठो. ही बारा पदार्थांची कहाणी पाच घासांत वाढली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.