पाच घरची माती

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाच्या राजाचं नाव आज त्याच्या वंशजांनाही सांगता येणार नाही. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी, जमलं तर, मान खाली घालून ऐकावी.

समुद्रकाठी एक राज्य होतं. सात पिढ्यांपूर्वी तिथल्या खडकांवर एक गलबत फुटलं आणि त्यातली माणसं पोहत किनाऱ्याला लागली. काळीभोर, कुरळ्या केसांची, कुणालाच न कळणारी भाषा बोलणारी. तेव्हाचा राजा मनाने चांगला होता. तो म्हणाला, "हे आपले पाहुणे आहेत. यांना कुणी त्रास द्यायचा नाही."

झालं. तेव्हापासून ते पाहुणे झाले. गावची भाषा बोलायला लागले, गावचंच अन्न खायला लागले, गावाच्या सणांना गावापेक्षा मोठ्याने नाचायला लागले, तरी पाहुणेच राहिले. त्यांना शेत मिळत नसे, कारण पाहुण्याला कुणी नांगराला जुंपतं का? त्यांना सभेत बसता येत नसे, कारण आपली भांडणं पाहुण्यापुढे कशाला काढायची? प्रत्येक नकार असा गोड शब्दांत घोळवलेला असे, की तो ऐकून रागवायचीही सोय नव्हती.

आणि पाहुणा मेला, की त्याला घरी पाठवत. म्हणजे काय करत, तर एका लहान होडीत त्याला निजवत आणि ओहोटीबरोबर होडी समुद्रात सोडून देत. गावची माणसं मेली की टेकडीवर उंडीच्या झाडांखाली पुरली जात. पाहुण्यांसाठी मात्र समुद्र होता. त्यांचं घर कुठे आहे हे समुद्रालाही ठाऊक नव्हतं. कधीकधी भरतीला होडी परत यायची, आणि मग घरच्यांनाच ती पुन्हा ढकलावी लागायची.

यातून सुटायची एकच वाट त्या जुन्या राजाने ठेवली होती. पाहुणा मेला त्या दिवशी, ओहोटी लागायच्या आत, गावातल्या पाच घरांनी आपापल्या अंगणातली एकेक मूठ माती दिली, तर तो पाहुणा गावचा झाला. मग त्याला टेकडीवर जागा. सात पिढ्यांत ही माती कुणी मागितली नव्हती. पाहुण्यांना मागायची सवय नसते.

या पाहुण्यांत काथ्याचे दोर वळणारा एक म्हातारा होता. दोर वळताना मागे मागे चालावं लागतं. तो दिवसभर किनाऱ्यावर उलटा चालायचा आणि त्याची आईवेगळी मुलगी त्याच वाळूत सुलटी धावायची. ती पाच वर्षांची असताना तो हसायचा, दहाची झाल्यावर थांबून बघायला लागला आणि पंधराव्या वर्षी त्याने तिला पहाटे उठवून टेकडीचे चढ धावायला लावले. सगळ्या राज्यात तिच्याइतकं वेगाने धावणारं कुणी उरलं नाही.

पण म्हातारा आता खोकत होता. खोकल्यात रक्त पडत होतं.

"पोरी," तो एकदा म्हणाला, "मला होडीत घालू नकोस गं. मला समुद्राची भीती वाटते. माझ्या बापाची होडी तीनदा परत आली होती. तिन्ही वेळा मीच ढकलली."

"नाही घालणार, आबा," मुलगी म्हणाली. म्हणाली खरी, पण कसं ते तिला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी शेजारच्या राज्याशी दरसालची शर्यत झाली. अकरा वर्षं हे राज्य ती हरत आलं होतं. त्या दिवशी मुलगी धावली आणि जिंकली. नुसती जिंकली नाही; ती रेषेपाशी पोचली तेव्हा दुसरा धावपटू अजून वळणावरच होता. काय तो जल्लोष! लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. कालपर्यंत जी 'पाहुण्यांची पोर' होती, ती त्या दुपारी 'आपली पोर' झाली. एका बाईने तर तिचे पाय धुऊन ते पाणी डोळ्यांना लावलं.

त्या राज्यात एक रीत होती. जिंकणाऱ्याने राजवाड्याबाहेरच्या मोठ्या भिंतीवर गेरूने एक ओळ लिहायची. ज्यांना ती पटेल त्यांनी चुन्यात हात बुडवून खाली पांढरा पंजा उमटवायचा, ज्यांना पटणार नाही त्यांनी काजळीचा काळा. जिंकणारे बहुधा 'राजाचा विजय असो' असं लिहीत, मग सगळी भिंत पांढरी होई आणि लोक जेवायला घरी जात.

मुलीने गेरू हातात घेतला. मग तिने लिहिलं:

'मी जिंकले तर तुमची. माझा काळा बाप मेला तर तो कुणाचा?'

तिला वाटलं होतं, हे वाचून कुणीतरी जवळ येईल आणि विचारील, काय झालं गं तुझ्या बापाला? त्याला काय हवंय? मग ती सांगणार होती. इतकंच तिच्या मनात होतं.

तसं कुणी आलं नाही. एकदम कल्ला उठला.

"काळा? रंगाचं कुणी काढलं होतं? आम्ही कधी काढलं? हिनेच काढलं!"

"आमच्याच खांद्यावर बसली आणि आमच्याच डोक्यावर लाथ मारली."

"पायांचं काम आहे, पायांनी करावं. हाताने कशाला लिहावं?"

दुसरीकडे वेगळीच धांदल. "व्वा! काय ओळ आहे!" असं म्हणत पाठशाळेचे गुरुजी पुढे आले आणि त्यांनी सगळ्यांत आधी पांढरा पंजा उमटवला. मग त्या ओळीत किती अर्थ भरलाय, ते त्यांनी तासभर समजावून सांगितलं. कापडवालीने दोन्ही हातांचे पंजे उमटवले. कुणी मुलांना खांद्यावर घेऊन त्यांचे इवले पंजे उमटवले, कुणी शेजाऱ्याचा काळा पंजा खरवडून त्यावर आपला पांढरा उमटवला. भाऊ भावाशी बोलेना. ठरलेली लग्नं मोडली. प्रधानाने मुलीला निरोप पाठवला, की माफीची एक ओळ लिही, म्हणजे मी हे सगळं शांत करतो. राजा स्वतः येऊन भिंत बघून गेला. येतानाही त्याचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते आणि जातानाही.

तिसऱ्या दिवशी एवढे पंजे झाले की खालची जागा संपली आणि लोक ओळीवरच पंजे उमटवू लागले. चौथ्या दिवशी ओळ दिसेनाशी झाली. लांबून आलेले लोक विचारायचे, काय लिहिलं होतं हो? प्रत्येक जण काहीतरी निराळंच सांगायचा. ते ऐकून विचारणाराही हात बुडवायचा.

एवढ्या गर्दीतला एकही माणूस दोर वळणाऱ्याच्या झोपडीकडे गेला नाही. झोपडी भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होती.

पाचव्या दिवशी सकाळी म्हातारा गेला.

मुलीने त्याचे डोळे मिटले, हातात करवंटी घेतली आणि ती माती मागायला निघाली. ओहोटी संध्याकाळी लागायची होती.

ती आधी गुरुजींकडे गेली. आशेने गेली. गुरुजींनी तिला आदराने बसवलं.

"मी सगळ्यांत आधी पंजा उमटवलाय, तू पाहिलंस ना?"

"पाहिलं, गुरुजी. आबा गेले. मला तुमच्या अंगणातली मूठभर माती हवीय."

गुरुजींनी अंगणाकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे पाहिलं. "अगं, माती म्हणजे... घरात थोरले आहेत, त्यांना विचारायला हवं. आणि आत्ताच लोक किती तापलेत! जरा निवळू दे. मी तुझ्या बाजूचाच आहे, हे तर तुला ठाऊकच आहे."

कापडवालीने तिला मिठी मारली आणि ती रडलीही. मग दोन्ही तळवे पुढे करून म्हणाली, "हे बघ, अजून चुन्याने हात पोळलेत माझे. मातीत कसे घालू, सांग बरं?"

अशी ती नऊ दारं फिरली. नऊही घरच्यांचे भिंतीवर पांढरे पंजे होते. करवंटी रिकामीच राहिली.

दहावं घर एका म्हाताऱ्या कुंभारणीचं होतं. तिने काळा पंजा उमटवला होता आणि सगळ्यांदेखत उमटवला होता. मुलगी ते घर ओलांडून पुढे चालली होती, पण ओसरीवर चाकाशी बसलेल्या म्हातारीनेच हाक मारली.

"का गं, माझं दार टाळून जातेस?"

"मावशी, तुमचा पंजा काळा आहे."

"आहेच मुळी. लागलं मला तुझं बोलणं. अजून लागतंय. तुझ्या बापाला माझ्या घरून कधी तांब्याभर पाणी नाही मिळालं, असं झालं का?"

"कधीच नाही झालं, मावशी."

"मग 'माझा बाप कुणाचा' असं सगळ्या गावाला का विचारलंस?"

मुलीने सरळ सांगून टाकलं. "त्यांना समुद्राची भीती वाटायची म्हणून."

म्हातारीच्या हातातलं मडकं तसंच चाकावर फिरत राहिलं आणि वाकडं झालं. मग ती उठली, अंगणात गेली, वाकली आणि मूठभर माती करवंटीत घालून म्हणाली, "एवढंच होतं तर मला येऊन सांगायचं होतंस गं, बाई. भिंतीला कशाला सांगितलंस?"

म्हातारी तेवढ्यावर थांबली नाही. ती मुलीचा हात धरून निघाली. तिच्या भावाने एक मूठ दिली. तिच्या शेजारणीने कुरकुरत का होईना, एक दिली. मुलगी येण्याआधी जो राज्यासाठी धावायचा आणि आता तिच्यामुळे घरी बसला होता, त्या तरुणानेही एक दिली. चार झाल्या. सूर्य कलला होता.

"पाचवी गुरुजींची," म्हातारी म्हणाली. "आता कसा नाही म्हणतो ते बघते."

पण गुरुजी घरी नव्हते. ते भिंतीपाशी होते, मुलीच्या बाजूने भांडत होते. दोघी तिकडे धावल्या. मुलगी दिसताच केवढा गलका झाला! "आली, आली! बोल, काहीतरी बोल!" तिच्या बाजूच्यांनी तिला उचलून दगडावर उभं केलं. समोर पाचशे तरी माणसं होती.

ती म्हणाली, "मला एक मूठ माती द्या."

लगेच गुरुजींचा आवाज आला, "अहाहा! एक मूठ माती! काय बोलली पोर!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी गेरू आणला आणि भिंतीच्या कोऱ्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मला एक मूठ माती द्या'. त्याखाली पांढरे पंजे उमटू लागले. लगेच काळेही उमटू लागले.

"अरे, खरीच माती मागतेय ती!" कुंभारीण ओरडत होती. "बाप मेलाय तिचा! माती द्या रे कुणीतरी!" तिचा आवाज त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? आणि हात तर सगळ्यांचेच बरबटलेले होते.

दोघी परत किनाऱ्यावर आल्या तेव्हा पाणी मागे सरकू लागलं होतं. घाटावरचा रखवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने करवंटीत पाहिलं, हाताने चाचपून पाहिलं आणि मान हलवली.

"चारच आहेत, पोरी. नियम पाच घरांचा आहे. माझं घर गावात असतं तर मीच दिली असती, पण मी परगावचा."

मुलीने वाद घातला नाही. चारही मुठी माती तिने होडीत बापाच्या डोक्याखाली पसरली. "आबा, भिऊ नका," ती म्हणाली आणि होडी ढकलली. होडी जात राहिली तशी ती वाळूतून तिच्या बाजूने धावत राहिली. वाळू संपली तेव्हा ती थांबली. इतक्या हळू ती आयुष्यात कधी धावली नव्हती, असं कुंभारणीने नंतर सांगितलं. ते सांगताना दर वेळी ती रडायची.

होडी ठिपक्याएवढी झाली तेव्हा गुरुजी धापा टाकत आले. भिंतीपाशी कुणीतरी त्यांना शेवटी समजावून सांगितलं होतं. त्यांच्या मुठीत माती होती. बोटांना चुना तसाच होता.

"मला वाटलं तू... मला वाटलं ते बोलण्यातलं बोलणं आहे," ते म्हणाले. "आणलीय बघ मी. माझ्या अंगणातली आहे. आता हिचं काय करू?"

मुलीने त्यांच्या मुठीकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता आणि त्याचंच गुरुजींना मरेपर्यंत वाईट वाटत राहिलं.

"अंगणात परत नेऊन टाका, गुरुजी. सकाळी मी आले होते तेव्हा तिथेच होती ती."

दुसऱ्या दिवशी ती राज्य सोडून गेली. तिने जायला हवं होतं की नको, यावर भिंतीवर पंजे उमटत राहिले. पण ती कुठल्या वाटेने गेली, हे एका कुंभारणीखेरीज कुणी विचारलं नाही. पुढे ते राज्य पुष्कळ शर्यती हरलं, काही जिंकलंही. पाहुण्यांपैकी मात्र पुन्हा कुणीही त्यांच्यासाठी धावलं नाही, आणि कुणी माती मागायलाही आलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या दुःखावर आपलं मत देणं म्हणजे त्याचं दुःख वाटून घेणं नव्हे.