जपानहून आणलेला झाडू

"मग तिथं शाळा झाडतं कोण?" बुवांनी विचारलं.

"मुलं," अभ्यंकर सर म्हणाले. "मुलंच झाडतात."

हा प्रश्न सरांच्या खास आवडीचा होता. जपानचा अभ्यासदौरा करून आल्यापासून पालकसभेत, सत्कारात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते त्याचं उत्तर देत आले होते. नदीकाठच्या या मठातही त्यांनी ते साग्रसंगीत दिलं.

त्यांनी पाहिलेल्या शाळेत दुपारी गाणं वाजतं. मुलं डोक्याला रुमाल बांधतात, ओलं फडकं घेऊन ओणवी होतात आणि अख्खा व्हरांडा शर्यत लावून पुसून काढतात. जेवणही मुलंच वाढतात, पांढऱ्या टोप्या घालून. डॉक्टरांचा मुलगा भात वाढतो, मासेवाल्याचा मुलगा सूप. संडास धुवायची पाळी आली तरी कुणी नाक मुरडत नाही.

बुवा वाती वळत ऐकत होते.

"चांगलं आहे की," ते म्हणाले. "मग तुमचं अडलं कुठं?"

अडलं होतं सोनलपाशी.

सरांनी हीच पद्धत आपल्या शाळेत सुरू केली होती. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः झाडू हातात घेतला आणि तालुक्याच्या पेपरात त्यांचा फोटो आला. पुढं कामांची वाटणी मुलांवर सोपवली, मोठ्यांनी ढवळाढवळ करायची नाही असा त्यांचा दंडक. मुलांनी वाटणी केली. वर्ग, व्हरांडा, बाग, सगळ्यांच्या पाळ्या बदलत राहिल्या. संडास मात्र दर वेळी सोनलकडेच. तिला सवय आहे, असं मुलांचं म्हणणं. तिची आई शेवंता नगरपालिकेत झाडूकामाला होती ना.

ही मुलगी वर्गात पहिली यायची. ती शाळेत यायची बंद झाली. आता शेवंता तिची शाळा कायमची सोडवून तिला मामाच्या गावी धाडायला निघाली होती. सरांना ते मनापासून लागलं होतं, हे खरं. फक्त चूक शेवंताची आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"ती तुमचा शब्द मोडत नाही, बुवा. तिला समजवा. कामाची कसली आलीय लाज?"

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली..." सर जरा अडखळले. "झाडू सुटावा म्हणून पोरीला शाळेत घातली. तुम्ही तोच तिच्या हातात दिलात."

बुवांनी हातातली वात पुरी केली, तबकात ठेवली.

मग विचारलं, "तुम्हाला नाही वाटत लाज?"

"मुळीच नाही."

बुवांनी कोपऱ्यातल्या खराट्याकडे बोट दाखवलं. "अंगण सकाळपासून राहिलंय."

सरांना हसू आलं. अशी परीक्षा रोज घेतली असती तरी त्यांची ना नव्हती. त्यांनी बाह्या सरसावल्या, खराटा उचलला आणि पिंपळाच्या पानांचा एका कडेनं ढीग लावायला सुरुवात केली. काम नेटकं करत होते. शेवंतानं हे बघायला हवं होतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. कडक इस्त्रीतले एक पाहुणे बायकोसह उतरले. परगावचे असावेत. त्यांनी खराट्याकडे पाहिलं, खराटा धरणाऱ्याकडे पाहिलं नाही.

"ए, नळापाशी चिखल झालाय बघ. आधी तेवढा काढ. आणि ह्या चपला सरकव बाजूला."

सर जागच्या जागी थिजले. कित्येक वर्षांत त्यांना कुणी 'ए' म्हटलं नव्हतं.

"मी अभ्यंकर," ते म्हणाले. "इथल्या हायस्कूलचा मुख्याध्यापक."

बोलता बोलता खराटा त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला होता. आपण तो कधी ठेवला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पाहुण्यांनी जीभ चावली. दोन्ही हात जोडले, चार वेळा माफी मागितली, भाच्याला तुमच्याच शाळेत घालायचंय म्हणाले. चपला स्वतःच्या हातानं कडेला ठेवून ते बायकोच्या मागून देवळात गेले. नळापाशी चिखल तसाच होता.

सर ओट्यावर येऊन बसले. रुमालानं हात पुसत राहिले. लोकांना रीत म्हणून राहिली नाही, असं काहीतरी बुवा बोलतील अशी त्यांची अपेक्षा होती.

बुवा भिंतीकडे बघत होते. खराट्याकडे.

"नाव सांगितलंत," ते म्हणाले, "आणि झाडू सुटला."

"मग? माणसाला कळायला नको, समोर कोण आहे ते?"

"हवं की..."

बुवांनी कापूस पुढं ओढला आणि नवी वात वळायला घेतली.

"मग सोनलनं कोणतं नाव सांगावं, सर?"