पाय दे, शेवंती

गडाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात सुबराव नावाचा एक वरातीचा घोडेवाला राहत होता. घोडेवाला म्हटलं तरी त्याच्याकडं जनावर एकच, एक पांढरीशुभ्र घोडी. तिचं नाव शेवंती. आसपासच्या गावांतला कुठलाही नवरदेव असो, शेवंतीच्या पाठीवर बसल्याशिवाय त्याला आपलं लग्न झाल्यासारखं वाटायचं नाही.

शेवंती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. सुबरावानं त्या शिंगराला शेळीचं दूध पाजून जगवलं. त्याची बायको गोदाक्का म्हणायची, माझी सवत चार पायांची आहे. म्हणायची असं, पण तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा तुकडा दावणीला पोचल्याशिवाय घरात कुणाचं ताट वाढायची नाही.

घोड्याला नाल मारायचं म्हणजे एरवी केवढा गोंधळ. दोर लावा, पाय आवळा, चौघांनी मिळून खाली पाडा. शेवंतीला दोर ठाऊकच नव्हता. सुबराव तिच्या गुडघ्यामागं बोटं टेकवायचा आणि हळूच म्हणायचा, “पाय दे, बाई.” की ती पाय उचलून त्याच्या तळहातावर ठेवायची. बांगड्या भरायला पोरीनं हात पुढं करावा, अगदी तसा. दुसऱ्या कुणी पायाला हात लावला की लाथ ठरलेली.

अब्बासचाचा नालबंद म्हातारा होता. त्यानं उभ्या जन्मात कितीतरी खूर हाताळले होते. तो एकदा खिळा ठोकता ठोकता म्हणाला, “सुबा, संकट आलं की घोड्याला पळणं तेवढं ठाऊक. ह्या येड्या पोरीनं ते पळणंच तुझ्या हातात दिलंय. जपून धर.”

सुबराव हसला. त्याला वाटलं, म्हातारा कौतुक करतोय.

सुबराव माणूस चांगला. मऊ बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चांगल्या माणसाच्या मनातही एखादा काटा असतो, तसा त्याच्या मनात होता. घोडी त्याची, झूल त्याची, पण मिरवायचा दुसराच कुणीतरी. हा आपला लगाम धरून पुढं चालायचा. लग्नातले फोटो नंतर घरोघरी भिंतींवर लागायचे. फोटोत नवरदेव असायचा, करवली असायची, शेवंती तर असायचीच. सुबरावाचा मात्र लगाम धरलेला हात तेवढा यायचा. मनगटापाशी फोटो संपायचा. कुणाच्या घरी चहाला गेला की हा गुपचूप भिंतीकडं बघायचा आणि आपला हात ओळखायचा. गोदाक्काला ते कळायचं.

अशात गावात सिनेमाची कंपनी आली. जुन्या काळच्या लढायांचा सिनेमा होता आणि त्यांना खराखुरा गड पाहिजे होता. माळावर राहुट्या लागल्या. लाकडाच्या तोफा आल्या, पत्र्याच्या तलवारी आल्या, पुठ्ठ्याच्या ढाली आल्या. निम्मा गाव मावळे झाला आणि निम्मा शत्रू. सकाळी एका बाजूनं मरायचं आणि दुपारी मुंडासं बदलून दुसऱ्या बाजूनं. बांधावरून बोलणं तुटलेल्या दोन चुलतभावांनी तर मुद्दाम समोरासमोरच्या फौजा मागून घेतल्या.

घोडे तालुक्याहून आणले होते. टांग्याचे घोडे ते. पहिला बार उडाला तसे सगळे टांगा शोधत सुटले. एकटी शेवंती तेवढी जागची हलली नाही. तिचा जन्म बँडबाजात आणि फटाक्यांत गेलेला. डायरेक्टर साहेबांनी विचारलं, ही कुणाची? सुबराव पुढं झाला. भाड्याचं त्यानं विचारलंच नाही. त्यानं एवढंच विचारलं, की हिच्यावर बसणार कोण.

साहेब म्हणाले, तूच बस. मग सांगितलं, की एक शूर सरदार आहे. तो सगळ्यांच्या पुढं घोडा फेकत येतो, त्याला तोफेचा गोळा लागतो आणि तो घोड्यासकट कोसळतो. तो सरदार तू.

“तोंड दिसंल का माझं?” सुबरावानं विचारलं.

“दिसेल की. सगळ्या महाराष्ट्राला दिसेल.”

मग काय विचारता. भरजरी अंगरखा आला, डोक्याला जरीचा मंदील आला. मिशी आली, ती डिंकानं चिकटवायची. सुबराव ती लावूनच घरी आला. गोदाक्का चुलीपुढून बघतच राहिली. म्हणाली, “सरदार, पाणी तेवढं आणा आडाचं. का मिशी भिजंल?” दोघंही पोट धरून हसली. त्या घरातलं ते शेवटचं मनापासूनचं हसणं, असं पुढं शेजारीपाजारी म्हणत.

दुसऱ्या दिवशी सुबरावानं साहेबांना शेवंतीची हुशारी दाखवली. जत्रेसाठी त्यानं तिला शिकवलं होतं. “नीज” म्हटलं की ती गुडघे दुमडून हळूच आडवी व्हायची आणि मान टाकून मेल्यागत पडायची. सगळ्या कंपनीनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान हलवली.

“ही निजते आहे. मला ही पडायला पाहिजे.”

मग त्यांच्या माणसांनी रीत समजावून सांगितली. पुढच्या दोन्ही पायांना खुरांच्या वर बारीक तार बांधायची. तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या ओंडक्याला. घोडी भरधाव सुटली की तार संपते आणि पाय जागेवर राहतात. ज्या जागी पडणार तिथं खणून वाळू भरू, काही होत नाही, सगळीकडं असंच करतात. दोन माणसं तार घेऊन शेवंतीजवळ गेलीसुद्धा. एकाच्या मांडीवर लाथ बसली आणि दुसरा लांबूनच परतला. तेव्हा सगळे सुबरावाकडं बघायला लागले.

म्हणजे आता गोष्ट एवढ्यावर आली होती. त्यानं नाही म्हटलं असतं, तर ती तार कुणालाच बांधता आली नसती.

सुबराव म्हणाला, उद्या सांगतो.

संध्याकाळी त्यानं गोदाक्काला सगळं सांगितलं. वाळू किती मऊ आहे, ते दोनदा सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

“शेवंतीला इचारलंसा?” ती म्हणाली.

“जनावराला काय इचारायचं?”

“का? पाय मागताना तर इचारता की.”

सुबराव ताटावरून उठून अंगणात गेला. शेवंती त्याच्या खांद्याला नाक घासायला लागली. त्याला वाटलं, हिची काही तक्रार दिसत नाही. माणसाला जे पाहिजे असतं, ते त्याला मुक्या जनावराच्या तोंडूनही ऐकू येतं.

सकाळी माळावर गाव लोटला. सुबराव अंगरखा घालून, मिशी लावून शेवंतीपुढं गुडघ्यांवर बसला. तार त्यानं काखेत धरली होती, अब्बासचाचा हातोडी धरायचा तशी. आता म्हणायचं होतं, “पाय दे, बाई.” पण ते न म्हणताच त्यानं नुसता हात पुढं केला.

शेवंतीनं विचारायचीही वाट बघितली नाही. आपला पाय उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

त्यानं तार बांधली. मग पुन्हा हात पुढं केला. तिनं दुसरा पाय दिला.

गर्दीत अब्बासचाचा उभा होता. तो पाठ फिरवून घराकडं चालू लागला.

सुबराव वर बसला. इशारा झाला. “चल, बाई,” तो म्हणाला आणि शेवंती सुटली. इतकी ती कधीच पळाली नव्हती. वरातीत तिला कोण पळू देणार? माळावरचा वारा सुबरावाच्या तोंडावर आला. मंदिलाचा शेमला मागं उडाला. तेवढा वेळ तो खरोखरीचा सरदार होता.

मग तार संपली.

वाळू मऊ होती, हे खरं. पण शेवंती वाळूच्या पलीकडं जाऊन पडली. ती नेहमीच्या चालीनं पळाली नव्हती. सुबरावासाठी जास्त जोरानं पळाली होती. सुबराव उठून बसला, तेव्हा ती उभी राहायची धडपड करत होती. दोन्ही गुडघे सोलून निघाले होते आणि उजवा खांदा उतरला होता. साहेब लांबून म्हणाले, “एकदम खरं वाटलं.” कंपनीच्या माणसांनी येऊन तार सोडवायला हात घातला. या वेळी तिनं लाथ मारली नाही. नुसती थरथरत राहिली.

कंपनी गेली. गोदाक्कानं हळद-तेलाचे शेक दिले, पाला बांधला. जखमा भरल्या. गुडघ्यांवर काळे वण राहिले आणि चालीत थोडं लंगडणं आलं. तेवढ्यानंही चाललं असतं. झुलीखाली गुडघे झाकता येतात.

पण नाल झिजले तेव्हा अब्बासचाचाला बोलावलं. सुबरावानं तिच्या गुडघ्यामागं बोटं टेकवली आणि म्हणाला, “पाय दे, बाई.” शेवंती उभी राहिली. चारी पाय जमिनीत रोवल्यासारखे. त्यानं पुन्हा म्हटलं. गूळ दिला, तो तिनं खाल्ला. मान खाजवली, ती खाजवू दिली. पाय मात्र दिला नाही. लाथ मारली नाही, दात दाखवले नाहीत. नुसता पाय दिला नाही.

“दोर आणू का?” अब्बासचाचानं विचारलं.

सुबरावानं मान हलवली. नको म्हणाला. एकदा बांधले तेवढे पुरे. अब्बासचाचानं हत्यारं पिशवीत भरली.

बिननालाच्या घोडीला खडीच्या रस्त्यावर चालवत नाहीत. वराती बंद झाल्या. सुबराव तिला ओढ्याकाठच्या मऊ मातीत चारायला न्यायचा, आणि पुढं दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायला लागला.

पुढल्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला आणि त्यात तो लढायांचा सिनेमा लागला. गाव मावेना तंबूत. सगळ्यांनी सुबरावाला पुढं बसवलं. गोदाक्का आली नाही. त्याचा प्रसंग आला तसा तो पुढं सरकून बसला. पडद्यावर धुरळा उठला, तोफ उडाली, धुरातून पांढरी घोडी आली. सुबराव आपलं तोंड शोधत होता. धूर तेवढा दिसला. अंगरख्याची बाही दिसली आणि लगाम धरलेला एक हात. मग घोडी कोसळली.

तंबू शिट्ट्यांनी दणाणला. लोकांनी पडद्यावर पैसे फेकले. पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा असा गिल्ला झाला. गावचीच गोष्ट, म्हणून मशीनवाल्यानं रीळ मागं घेतलं.

दुसऱ्यांदा सुबरावानं स्वतःला शोधलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं शेवंतीकडं बघितलं.

ती भरधाव येत होती. एक कान पुढं होता, तोफेकडं. दुसरा कान मागं वळवलेला होता, त्याच्याकडं. तो आता काय सांगतो, थांब म्हणतो की चल म्हणतो, ते ती ऐकत होती. पाय जागेवर राहिले आणि ती तोंडावर गेली, तरी तो कान मागंच होता.

लोक टाळ्या वाजवत होते. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “काय पडली रं तुझी घोडी!” सुबराव उठला आणि लोकांच्या मांड्या तुडवत बाहेर गेला.

त्या दिवसापासून तो रोज ओढ्याकाठी तिच्यापुढं बसायचा. तळहात उघडा ठेवायचा. तोंडानं काही मागायचा नाही. शेवंती येऊन हात हुंगायची, आणि वळून चरायला जायची. पाऊस असो, ऊन असो, त्याचा हात रिकामाच राहायचा. लोकांना वाटायचं, ह्याचं डोकं फिरलंय.

अशीच वर्षं गेली, मग म्हातारपणानं शेवंती गेली. सकाळी ओढ्याकाठी आडवी पडलेली सापडली. जत्रेत मान टाकून पडायची, तशीच. सुबराव कितीतरी वेळ म्हणत राहिला, “ऊठ, बाई.” मग तो तिच्या पायांशी बसला. वाढून फाटलेला खूर त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि तळहातावर ठेवला.

पाय हातात आला. पण तो तिनं दिला नव्हता.

तात्पर्य: ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीनं नाही म्हणणं हे त्याला सांभाळणाऱ्याचं काम. आपल्या हौसेपायी ते काम चुकलं, तर पुढं जन्मभर हात पसरला तरी गेलेला विश्वास त्यावर परत येत नाही.