राजांच्या फटफटीचा निळा धूर

"आजच्या आज गुन्हेगार सापडला नाही, तर उद्यापासून आमची गाडी तू!" गजसिंह राजांनी सावळा मिस्त्रीला सुनावलं. म्हणजे राजे त्याच्या खांद्यावर बसणार आणि त्याने तोंडाने फटफट करत गावभर पळायचं. राजे सव्वाशे किलोचे, मिस्त्री साठीचा.

झालं होतं असं, की राजांची जुनी फटफटी वर्षात तिसऱ्यांदा निळा धूर ओकू लागली होती. व्हॉल्व्ह ज्या नळीतून वरखाली होतो ती गाईड मिस्त्रीने दोनदा बदलली. वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू, चार महिन्यांत झिजत होती. आता इंजिन उघडून बघावं, तर राजगाडीचं मस्तक वर्षातून दोनदाच उघडं करायचं असा दरबारी ठराव. अशा ठरावांना तिथे तोटा नव्हता.

बापाची दशा बघून मिस्त्रीची मुलगी हौसा पुढे आली.

"महाराज, गाडी चढावर धूर सोडते?"

"नाही. सकाळी चालू करताना सोडते. आणि उतारावर मूठ सोडून पुन्हा पिळली की."

"म्हणजे पिस्टन शाबूत आहे. ऑइल गाईडमधूनच उतरतंय."

"ते तुझा बापही सांगतो. गाईड झिजवतो कोण, ते सांग!"

हौसाने कार्बुरेटरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट पिवळंधमक झालं. तिने ते हुंगलं.

"सापडला गुन्हेगार. तुमचा जयजयकार!"

राजे गाडीवर बसले की लोकांनी भंडारा उधळायचा, हा तिथला रिवाज. आणि राजे तर आंघोळीलाही गाडीवरूनच जात.

"ती भुकटी आणि धूळ गाडी श्वासाबरोबर ओढते, अन् गाईड घासली जाते. हिच्या तोंडावरचा एअर फिल्टर कुठाय?"

"आम्हीच काढायला लावला. आमच्यासमोर कुणी तोंड झाकायचं नाही. तोंडावर पदर घ्यायचा मान फक्त राणीसाहेबांना. आणि जयजयकार बंद होणार नाही!"

मिस्त्री खांदे चोळू लागला.

"महाराज, दिवसातले बारा तास तुम्ही कुणाच्या संगतीत असता?"

"गाडीच्या."

"मग ही राणीसाहेबांची सवतच झाली. सवतीला पदराचा मान नको?"

"वर्षभर मी दुसरं काय सांगतेय!" पडद्याआडून राणीसाहेब कडाडल्या.

राजे इतके हसले, की गाडीसकट आडवे झाले. त्यांना उठवायला सहा शिपाई लागले. उठल्याबरोबर त्यांनी हौसाला हातातलं सोन्याचं कडं दिलं, राजगाडीची मुख्य मिस्त्री नेमलं आणि इंजिन तिसऱ्यांदा उघडायची परवानगीही दिली. नवा फिल्टर बसवायच्या दिवशी राणीसाहेब स्वतः खणनारळ घेऊन आल्या आणि त्यांनी फटफटीची ओटी भरली.