शिदबामामाचा रुमाल

माळेवाडी नावाच्या गावात एक भोळा मामा होता. भोळा हे आपलं मी म्हणतो, गाव दुसरा शब्द वापरायचं. नाव त्याचं शिदबा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि तीच तर पंचाईत होती.

त्याची भाची केतकी कोल्हापुरात कॉलेजला होती. गावात कुजबुज सुरू झाली, की पोरगी 'बिनचाकी' नावाच्या बँडमध्ये ड्रम बडवते. हा बँड लग्नात वाजवणारा नव्हे हं. ही पोरं आपली गाणी आपणच रचायची आणि ती कोणालाच कळायची नाहीत. त्याचंच त्यांना कौतुक होतं.

केतकीची आई, म्हणजे शिदबाची आक्का, भडकली. म्हणाली, "शनवारी त्यांचा कार्यक्रम हाय. सोताच्या डोळ्यानं बघून ये. पोरगी खरंच वाजवत असली, तर हाताला धरून घरी आण. कॉलेज बास, बँड बास!"

"बरं," शिदबा म्हणाला.

कोल्हापूरच्या स्टँडवर केतकी न्यायला आली. मामा कशाला आलाय हे तिला ठाऊक होतं. मामा उतरला तो लंगडतच.

"अडीच तास उभा हुतो. समद्यांना म्हटलं, आधी तुमी बसा."

"अहो मामा, खिडकीतून रुमाल टाकायचा! रुमाल पडला की जागा आपली. मग कोणी कितीही भांडू दे, उठायचं नाही."

"बरं," शिदबा म्हणाला.

केतकीला तालमीला जायचं होतं. "मिसळ खा, शहर बघा, संध्याकाळी या," असं सांगून ती गेली. मिसळीच्या हॉटेलात ही गर्दी! शिदबाने खिडकीतून रुमाल टाकला. तो एका पैलवानाच्या रश्श्यात पडला. पैलवानाने रुमालासकट शिदबाला बाहेर काढलं.

केतकी फोनवर म्हणाली, "मामा, हॉटेलात रुमाल नसतो टाकायचा! ज्याचं होत आलंय, त्याच्या मागं गप उभं राहायचं. तो उठला की बसायचं."

"बरं."

मिसळ खाऊन शिदबा एका वस्तुसंग्रहालयात गेला. तिथे दरबारातला कारकून लिहीत बसला होता. कारकून प्लास्टरचा होता, पण पाटी वाचायला कोणी सांगितलं नव्हतं. शिदबा त्याच्या मागं दोन तास उभा राहिला. शेवटी रखवालदार म्हणाला, "पाव्हणं, त्यो पुतळा हाय."

"तरीच म्हटलं, एक कागद संपंना!"

हे फोनवर ऐकून केतकीने कपाळाला हात लावला. "मामा, माणूस हलत नसला तर आधी हलवून बघायचं!"

"बरं."

रंकाळा तलावाच्या काठावर एक योगगुरुजी डोळे मिटून, श्वास कोंडून बसले होते. शिदबाने त्यांना हलवून बघितलं. चांगलं जोर लावून. गुरुजी पाण्यात गेले.

"मामा, हात जोडते!" केतकी फोनवर रडवेली झाली. "आता कोणाला हलवू नका, काही विचारू नका. कार्यक्रमाच्या मैदानावर या, जागा धरा आणि समोर बघत गप बसा!"

जागा धरायची! हे तर शिदबाला आता येत होतं. तो मैदानावर गेला. खुर्च्या नव्हत्याच, सगळे उभं राहून ऐकणारे. बसायला म्हणून एकच गोल स्टूल दिसलं, स्टेजवर, ड्रमच्या मागं. शिदबाने त्यावर रुमाल टाकला आणि बसला.

केतकी धावत आली. "मामा, उठा! ही माझी जागा!"

"रुमाल कोणाचा हाय?"

तेवढ्यात दिवे लागले, गिटार सुरू झाली. काय करणार पोरगी? मामाच्या पाठीमागं उभी राहिली, दोन्ही बाजूंनी हात पुढं काढले आणि वाजवायला लागली. लोकांना दिसला चार हातांचा, टोपीवाला माणूस. कोणी हसलं नाही. या बँडचे ऐकणारे फार समजूतदार. "यात मोठा अर्थ आहे," असं एक चष्मेवाला म्हणाला आणि टाळ्या पडल्या. शिदबाच्या डोळ्यांपुढं दीड तास हात नाचत होते. पण विचारू नका म्हणून सांगितलं होतं ना!

कार्यक्रम संपला आणि आक्काचा फोन आला. केतकीने मामाच्या फोनला कान लावला.

"शिदबा, खरं सांग. पोरगी ड्रम वाजवती?"

"छ्या! ड्रमाम्होरं तर मीच बसलो हुतो. ती बिचारी मागं उभी, मी कवा उठतोय बघत."

"बया! लोक उगाच लेकराला नावं ठेवत्यात. ऱ्हाऊ दे तिला तिथंच!" आक्काला हुंदका आला. केतकीलाही आला. मग आक्काने नाक पुसलं. "पर मग वाजवत कोण हुतं रं?"

शिदबाने बराच वेळ विचार केला. "हात दिसत हुते, आक्के. आन तिथं बसलेला मी एकटाच. म्हंजी मीच की!"

"मुडद्या! ह्या वयात? वाजवणाऱ्याला आधी हाताला धरून घरी आण!"

"बरं," शिदबा म्हणाला. त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात घट्ट धरला आणि स्वतःला ओढत स्टँडकडे निघाला.