उलटा शेला

"चुनाभट्टीच्या धुराने पोरांना धाप लागत नाही. आयांच्या लाडाने लागते!" पाचही राजवैद्यांनी एका सुरात सांगितलं. पाचांच्या दाढ्या बेंबीपर्यंत. अक्कल कुठवर पोचली होती, ते दाढ्यांनाच ठाऊक!

हट्टी राजा रणधीराने लगेच हुकूम काढला. धाप लागणारं प्रत्येक पोर आईपासून तोडून वैद्यांच्या मठात ठेवा!

यसू परटिणीची पाच वर्षांची गोदी भट्टी पेटली की धापा टाकायची, विझली की अंगणभर हुंदडायची. यसू तिला काखोटीला मारून थेट दरबारात शिरली.

"महाराज, हे वैद्य भट्टीवाल्या गुमानसेठचे मिंधे आहेत!"

"आम्ही? त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यालो नाही!" थोरले वैद्यबुवा कडाडले. "अडाणी बाई, एक तरी ग्रंथ वाचलास का?"

"नाही बुवा. तुम्ही वाचलेत, तरी ही गत!"

राजा चिडला. "सिद्ध कर! वैद्यांना प्रश्न विचारायचा नाही, साक्षीदार आणायचा नाही, दरबाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. हरलीस तर पोर आत्ताच मठात!"

गोदीने आईचा पदर गच्च धरला.

"एवढंच? मग बुवांना उपरणी उलटी पांघरायला सांगा."

उपरणी उलटली. पाचही उपरण्यांच्या कोपऱ्यांत बिब्ब्याची एकच काळी खूण. तीन ठिपके, खाली रेघ!

"कपडे मिसळू नयेत म्हणून मी घरागणिक वेगळी खूण घालते. ही सेठच्या घरची. भेट द्यायचं कापड सेठ आधी माझ्याकडून धुऊन घेतात. बिब्बा मेला कितीही धुतला तरी जात नाही! खोटं वाटलं तर सेठच्या धोतराचा सोगा बघा."

कोपऱ्यात बसलेल्या गुमानसेठने सोगा घाईघाईने मांडीखाली दडपला.

"पण... पण म्हणून आमचं मत काही बदललं नाही!" थोरले बुवा पुटपुटले.

"नसेलही. पण आधी खूण दाखवली असतीत, तर महाराजांनी एखाद्या बिनखुणेच्या वैद्यालाही विचारलं असतं."

"लबाड थेरडे!" राजा गरजला.

"थांबा महाराज. तुमचा शेला राहिलाच की!"

राजाने शेला उलटला. तीन ठिपके, खाली रेघ! आणि राजा असा खो खो हसला, की मुकुट कानावर आला.

"भट्टी विझवा! परगावचा वैद्य बोलवा! पोरं आयांकडेच राहतील. बये, बक्षीस माग!"

"पोरांच्या आजारावर दरबारात जो तोंड उघडेल, त्याने कापड उलटं पांघरून उघडावं."

"मीसुद्धा?"

"तुम्ही तर पांघरलंच आहे!"

राजा पुन्हा हसला. गळ्यातला कंठा काढून त्याने गोदीपुढे धरला. गोदीने तो आधी उलटा करून नीट पाहिला, मगच गळ्यात घातला.